एक लाडकी देऊन दुसरी आणताना

बाळा, घरची होंडा एस२००० देऊन पोर्शे केमन एस घ्यावी का, हे तू पुन्हा विचारलंस. पुन्हा विचारतोस म्हणजे मन अर्धं तिकडे जाऊन बसलंय. बसू दे. दोन्ही गाड्या जीव लावण्यासारख्याच आहेत, म्हणून तर उत्तर सोपं नाही.

माझं आयुष्य वर्कशॉपच्या सर्व्हिस काउंटरमागे गेलं. गाडी सोडायला आलेल्यांचे चेहरे आणि गाडी हलवल्यावर फरशीवर उरलेले तेलाचे डाग, दोन्ही वाचायची सवय झाली. त्यातून हाती आलेलं तुझ्यासाठी लिहून काढलंय. एका दमात वाचू नकोस. थोडं वाच, गॅरेजात जाऊन गाडीकडे बघून ये, मग पुढचं वाच.

आधी घरची

१. सगळ्यात आधी होंडा धडधाकट कर, तुलना नंतर — माणसं आपली जुन्या टायरांची, ढिल्या बुशांची, अलाइनमेंट बिघडलेली गाडी घेऊन डीलरकडे जातात. तिथे कालच घासूनपुसून नवे टायर चढवलेली गाडी चालवतात आणि म्हणतात, ‘काय स्टिअरिंग आहे!’ अरे, त्यातलं निम्मं कौतुक टायरचं असतं. धुळीतली आपली आणि फुलातली परकी, यांचा सामना लावू नये.

२. टायरच्या कडेवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, ते वाच — २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी एवढं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात दगा देतं.

३. चारही चाकांचं अलाइनमेंट या गाडीची माहिती असलेल्याकडूनच करून घे — मागच्या चाकांची दिशा जराशी चुकली तरी हिचं शेपूट हलायला लागतं, आणि मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली. होंडाने २००४ च्या मॉडेलला मागच्या सस्पेन्शनची मांडणी बदलून तिला शांत केलं. तुझी २००३ ची आहे, म्हणजे आधीच्या तिखट स्वभावाची.

४. एक-दोनदा पेट्रोल भरलं की डिपस्टिक काढून बघायची सवय ठेव, गाडी सपाट जागी उभी करून — वरच्या फेऱ्यांत चालवलं की हे इंजिन तेल पितं. दिवा लागायची वाट बघणाऱ्याचं इंजिन जातं.

५. इंजिन नीट गरम झाल्याशिवाय वरच्या फेऱ्यांत नेऊ नकोस — पाण्याचा काटा वर आला तरी तेल मागाहून गरम होतं.

६. गिअरबॉक्सचं आणि डिफरेन्शियलचं तेल बदल — दुसऱ्या गिअरची खरखर बऱ्याचदा तेवढ्यानेच कमी होते. खरखर ऐकून गाडी विकायला काढणारे मी पाहिलेत.

७. सुरू करताना पुढून कर्रकर्र येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर दाखव, आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स कधी तपासलंय ते बिलांत शोध — दोन्ही कामं माहितीतली आहेत, आणि दोन्हींनी इंजिनाचा आवाज बदलतो.

८. एवढं झालं की महिनाभर ती नुसती चालव — पोर्शेच्या जाहिराती त्या महिन्यात उघडायच्या नाहीत. उघडशील, मला माहितीये. निदान रात्री झोपताना तरी नको.

मग स्वतःकडे

९. होंडात काय खुपतं ते एका वाक्यात लिही — वाक्य लिहिता आलं नाही तर खुपत काहीच नाही, फक्त नवं काहीतरी हवंय. नवं हवं असण्यात पाप नाही, पण त्यावर उपाय वेगळा असतो.

१०. ‘हायवेवर आवाज फार होतो’ असं वाक्य निघालं, तर आधी कडक टपाचा विचार कर — होंडाने या गाडीसाठी अॅल्युमिनिअमचं काढता येणारं टप दिलं होतं, आणि वापरलेलं अजून मिळतं. स्वस्त नाही, पण गाडी बदलण्यापेक्षा स्वस्त.

११. ‘सामान मावत नाही’ असं असेल तर केमन खरंच उजवी — पुढची डिकी १५० लिटर, मागची २६०. होंडात दोन लहान बॅगा कोंबल्या की संपलं.

१२. ‘पुढे मुलंबाळं होतील, म्हणून केमन’ हे मात्र कुणाला सांगू नकोस — दोन्ही गाड्यांना दोनच सीट आहेत, आणि तुझी बायको मोजू शकते.

१३. ‘ओल्या रस्त्यावर भीती वाटते’ हे असेल तर ते मोकळेपणाने सांग, त्यात कमीपणा नाही — तुझ्या होंडात घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाहीच; अमेरिकेत ती २००६ च्या मॉडेलपासून आली. केमनमध्ये ती आहे. रोज पावसापाण्यात चालवायची असेल तर हे एक कारण मला बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठं वाटतं.

१४. आनंद कुठे सापडतो ते ओळख — होंडाचं दोन लिटरचं इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत शहाण्यासारखं असतं. मग व्हीटेक कॅम बदलतं, आवाज एकदम तीक्ष्ण होतो, आणि २४० अश्वशक्ती पूर्ण मिळायला काटा ८,३०० वर न्यावा लागतो. केमन एसची ताकद खालपासून भरलेली, ३.४ लिटर, सहा सिलिंडर, ३२० अश्वशक्ती, आणि इंजिन तुझ्या पाठीमागेच, त्यामुळे वजन मधोमध. एकीत ताकद खेचून काढावी लागते, दुसरीत ती हाताशी असते. खेचून काढण्यातच मजा वाटत असेल तर केमन वेगवान असूनही सहा महिन्यांत सपक वाटेल.

१५. टप उघडून किती वेळा चालवतोस ते आठव — केमनला उघडं टप नाही. आपल्या न्यू जर्सीत लॅम्बर्टव्हिलहून फ्रेंचटाउनला डेलावेअर नदीच्या कडेने २९ नंबरच्या रस्त्याने जाताना, झाडांची सावली अंगावरून सरकते आणि नदीचा ओला वास येतो, तो काचेआडून येत नाही. ते हवंच असेल तर केमनऐवजी बॉक्स्टर एस बघ. यंत्र जवळपास तेच आहे.

१६. गाडीत एक छोटी वही ठेव आणि प्रत्येक फेरीनंतर एक ओळ लिही: कुठे, किती वेळ, टप उघडं की बंद — माणूस स्वतःला डोंगरातल्या वळणांवर पाहतो, आणि वहीत बहुतेक ओळी रूट १ च्या सिग्नलच्या निघतात. गाडी वहीतल्या रस्त्यासाठी घ्यावी.

१७. घरात आधी सांग, मग डीलरला फोन कर — उलट क्रमाने केलं की गाडी कितीही चांगली निघाली तरी तिचं नाव घरात वेगळ्याच सुरात घेतलं जातं.

परकी पाहताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरं बुडतात ती इथे.

१८. २००९ किंवा त्यानंतरचं मॉडेल बघ — त्याआधीच्या इंजिनात क्रँकवरून कॅमच्या साखळ्यांना फिरवणारा एक मधला दांडा असतो, त्याला आयएमएस म्हणतात. त्याच्या टोकाचं बेअरिंग गेलं की दांडा डुगडुगतो, टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन भंगारात. २००६ ते २००८ च्या केमनमध्ये ते बेअरिंग मोठं केलेलं आहे आणि क्वचित जातं. पण बदलायचं झालं तर इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात. २००९ च्या नव्या इंजिनात पोर्शेने तो दांडाच काढून टाकला. भावातला फरक तेवढ्यासाठी दे. रात्रीची झोप विकत मिळते ती अशी.

१९. जुनंच स्वस्त मिळतंय म्हणून मोह झाला, तर सिलिंडरमध्ये दुर्बीण घालून बघितल्याशिवाय सही करू नकोस — त्या ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात. गाडी तेव्हाही चालते, पळते, छानच वाटते. तेल पिणं आणि टकटक नंतर सुरू होते.

२०. इंजिन पूर्ण गार असताना गाडी बघायला जा, आणि पोचल्यावर आधी इंजिनाजवळ हात लाव — ऊब लागली तर विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली आहे. नम्रपणे चहाला जा आणि दुसऱ्या दिवशी ये. थंड इंजिन खरं बोलतं.

२१. केमनचं बॉनेट उघडून इंजिन शोधू नकोस — तिथे फक्त डिकी आहे, आणि मागेही वरून इंजिन दिसत नाही. म्हणून ही गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पाहिली असं म्हणायचंच नाही.

२२. तपासणी पोर्शे जाणणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून करून घे, विकणाऱ्याने सुचवलेल्याकडून नाही — विकणारा लबाड असतो असं नाही, पण मेकॅनिकचं रोजचं गिऱ्हाईक कोण, यावर त्याची नजर थोडी ठरते.

२३. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली जादा फेऱ्यांची नोंद मागून घे — पाचव्यात टाकायचा गिअर चुकून तिसऱ्यात पडला की चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि ते कोणताही लिमिटर थांबवू शकत नाही. पोर्शे ते लिहून ठेवते, सहा पायऱ्यांत, इंजिनाच्या कितव्या तासाला झालं त्यासकट. खालच्या पायऱ्यांवर नोंदी असणारच. गाडी पळवायलाच केलेली आहे. चौथ्या पायरीपासून वर काही दिसलं तर तास बघ. खूप जुनी नोंद असेल आणि त्यानंतर इंजिन शेकडो तास नीट चाललं असेल तर घाबरू नकोस. नोंद अलीकडची असेल तर नमस्कार करून निघ. पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असलेल्या गाडीत हा धोका जवळपास नाहीच.

२४. हाताने टाकायचा गिअर की पीडीके, हे रूट १ वर संध्याकाळी सहाला ठरव — रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर सगळ्यांनाच क्लच हवा असतो.

२५. पुढच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मारून बघ — तिथे पाला साचतो, ओल धरतो, आणि जाळ्यांमागचे एसीचे कंडेन्सर आणि रेडिएटर कुजतात. पाला साफ ठेवणाऱ्या मालकाने बाकीही सांभाळलेलं असतं. वर्षानुवर्षं पाहून सांगते.

२६. शिक्के मारलेलं पुस्तक कमी बघ, बिलं जास्त बघ — शिक्का तारीख सांगतो, बिल काय बदललं ते सांगतं. बिलांची जाड फाइल पाहून दचकू नकोस, पातळ फाइल पाहून दचक.

२७. खिशात एक स्वस्तातला ओबीडी रीडर ठेव आणि मॉनिटर ‘तयार’ दाखवतात का बघ — कुणी नुकतेच बिघाडाचे कोड पुसले असतील तर ते तयार दिसत नाहीत. पुसले का, ते विचार. न्यू जर्सीच्या प्रदूषण तपासणीतही अशी गाडी परत पाठवतात.

२८. चॅसी नंबरचं अकरावं अक्षर यू असेल तर ती फिनलंडला व्हाल्मेटच्या कारखान्यात जुळवलेली आहे — त्यावरून भाव पाडणारे आणि चढवणारे दोघेही भेटतील. दोघांचंही ऐकू नकोस.

२९. शक्य असेल तर तशीच केमन शनिवार-रविवार भाड्याने घेऊन तुझ्या नेहमीच्या रस्त्यांवर चालव, दुकानात जा, खड्ड्यातून जा — डीलरच्या दहा मिनिटांच्या फेरीत कुणाच्या पाठीला रग लागत नाही. पाहुणी गाडी गोडच लागते, ती राहायला आली की कळते.

पैशाचं

३०. होंडा डीलरला द्यायची की बाहेर विकायची, हे टॅक्स धरून मोज — न्यू जर्सीत डीलरकडे गाडी बदलून दिली तर सेल्स टॅक्स फक्त वरच्या फरकावर लागतो. समज केमन ४०,००० डॉलर आणि होंडाचे तो २४,००० देतोय. ६.६२५ टक्क्यांनी १६,००० वर १,०६० डॉलर टॅक्स पडेल. होंडा बाहेर विकून आलास तर पूर्ण ४०,००० वर २,६५० पडेल. म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईक २५,५९० पेक्षा जास्त देत असेल तरच त्याच्या मागे धाव. तुझी चुलत बहीण कॅलिफोर्नियात आहे, तिला हा हिशेब सांगू नकोस. तिथे पूर्ण किमतीवरच टॅक्स लागतो.

३१. ‘महिन्याला किती भरू शकता?’ असं विचारणाऱ्याला एकूण किंमत विचार — हप्ता छोटा, वर्षं मोठी. गाडी बदलावीशी वाटेल तेव्हाही कर्ज उरलेलं असतं.

३२. विम्याचा आकडा गाडी ठरवायच्या आधी मागव, आणि ठरलेल्या किमतीचा विमा मिळतो का विचार — साध्या विम्यात अपघातानंतर गाडीची किंमत कंपनी ठरवते, आणि तिला तुझ्या सर्व्हिस फाइलचं कौतुक नसतं. मिलव्हिलच्या ट्रॅकवर न्यायची असेल तर तेही आधीच विचार. ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

३३. केमन घेतलीस त्याच दिवशी तिच्यासाठी वेगळं खातं उघड आणि दर महिन्याला काहीतरी टाक — गाडी वापरलेल्या भावाने मिळते, पण तिचे ब्रेक, टायर आणि मजुरी मात्र नव्या पोर्शेच्याच भावाने.

३४. ‘आवडली नाही तर परत होंडा घेईन’ हे मनातून काढून टाक — एस२००० १९९९ ला आली, २००९ ला बंद झाली, आणि जगभरात सुमारे १ लाख १० हजारच बनल्या. त्यातल्या कितीतरी ठोकल्या गेल्या, कितीतरींची इंजिनं बदलली गेली. ज्या चांगल्या उरल्यात त्यांचे भाव चढलेत, आणि काही सुटे भाग होंडाने बनवणं थांबवलंय. माझ्या काउंटरवर एक गृहस्थ यायचे, आपल्या जुन्या गाडीच्या नव्या मालकाने ती सर्व्हिसला आणली की विचारायचे, ‘विकणार आहे का हो तो?’ तो कधीच विकणार नव्हता.

३५. टप उघडणारी गाडी थंडीत विकायला काढू नकोस — एप्रिलमध्ये ऊन पडलं की गिऱ्हाईक स्वतः येतं. विकायची घाई, घेणाऱ्याची कमाई.

३६. गाडीसोबत आलेलं मूळचं सामान जपून ठेव: चाकं, रेडिओवरचं झाकण, दोन्ही किल्ल्या, पुस्तिका — जाणता घेणारा आधी तेच विचारतो. आणि गाडीतले दोष तू आपणहून सांग. त्याला स्वतः सापडलेला दोष त्याला दुप्पट महाग वाटतो.

३७. गाडी देताना नंबर प्लेट काढून घे आणि टायटलवर मैल व किंमत तुझ्यासमोर लिहून घे — प्लेट तुझी असते. नव्या मालकाच्या टोलच्या पावत्या तुझ्या घरी यायला नकोत.

३८. दोन्ही ठेवता येतील का, हे एकदा तरी कागदावर मांड — दोन विमे, दोन बॅटऱ्या, एक गॅरेज. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तेव्हा एक तरी बाहेर उभी राहणार. दोघींवर अर्धं प्रेम होणार असेल तर एकच बरी.

आता माझं मत विचारतोस म्हणून सांगते. तू आजवर मला सांगितलंस त्यात टप उघडून नदीकाठाने जाण्याचं दहादा आलं, आणि हायवेवरच्या आवाजाचं एकदा. म्हणून हा उन्हाळा होंडाचा. टायर, अलाइनमेंट, तेलं, सगळं करून घे, वही भर. दसऱ्यालाही मनात केमनच असेल, आणि वहीत पावसाळी ऑफिसच्या फेऱ्याच जास्त असतील, तर २००९ नंतरची केमन एस तपासून घे आणि मागे वळून बघू नकोस. तेव्हा तो निर्णय बरोबरच असेल. फक्त होंडा विकायची ठरली तर जाहिरात टाकण्याआधी मला फोन कर. माझ्या गॅरेजात एक जागा रिकामी आहे.